वारा सुटण्याआधीचा सूर

सहा डिसेंबर होऊन जातो, दादरला आलेली गावाकडची माणसं आपापल्या गाड्यांना लागतात, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत कधीतरी आमच्याकडचा वारा बदलतो. दिवसभर खाडीकडून येणारा खारट, चिकट वारा संध्याकाळी थकतो. पहाटे डोंगराकडून कोरडा, गार वारा खाली उतरतो. शाळेच्या भूगोलात त्याला मतलई वारे म्हणायचे, आणि त्यात ‘मतलबी’ ऐकू यायचं म्हणून आम्ही मुली हसायचो. आता मी सानपाड्याला सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते. आजूबाजूला इतक्या इमारती झाल्यात की वाऱ्याला आत यायला वॉचमनला विचारावं लागत असेल. तरी तो येतो. गॅलरीतला टॉवेल सकाळी उलट्या बाजूला फडफडताना दिसला की मी ओळखते, आणि मग त्या दिवशी माझ्या हातून भाजीत मीठ कमी तरी पडतं, नाहीतर जास्त.

ह्या वाऱ्याबरोबर मला एकच हिवाळा आठवतो. ऐंशी सालाच्या पुढेमागे असेल. नवी मुंबई तेव्हा नावालाच मुंबई होती. रस्ते आधी झाले होते, माणसं मागून यायची होती. वाशीत आमचं बैठं घर होतं. पुढे ओसरीएवढं अंगण, मागे मोरी, मध्ये एक लांबट हॉल. माझे यजमान तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. त्यांचं नाव सुधाकर. तोंडाने मी ते कधी घेतलं नाही, सगळा संसार ‘अहो’वर झाला. लिहिताना मात्र घेते, कारण ‘हे’ लिहिलं की वाचणाऱ्याला कोण ते कळत नाही. तर सुधाकर विमान बांधत होते.

हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने ते पुन्हा विचारलं. खेळातलं का? नाही हो, खरं. एका माणसाने बसायचं, लाकडाच्या फासळ्यांचं, वर कापड ताणून रंगवलेलं. परदेशातून टपालाने नकाशे आले होते. कॉलेजात असताना सुधाकर ग्लायडरमध्ये बसले आणि तिथेच काहीतरी बिघडलं, असं त्यांची आई म्हणायची. नोकरी लागल्यावर रविवार खर्ची घालून त्यांनी उडवायचं लायसन्स काढलं होतं. दुसऱ्याच्या विमानात बसून समाधान होईना, म्हणून हा उद्योग. विमानाचं धड सानपाडा गावात बाळारामच्या गोठ्यात होतं. बाळाराम आगरी. त्याची शेतं नव्या शहरात गेली, बैल विकले, गोठा रिकामा राहिला आणि दारात टेम्पो आला. आणि पंख होते आमच्या हॉलमध्ये, भिंतीला टेकून. आम्ही दोघं त्यांच्या बाजूने आडवं चालायला शिकलो होतो.

त्या वर्षी सहा डिसेंबरला सुधाकरांच्या थोरल्या बहीण अक्का परभणीकडून आल्या, बरोबर वस्तीतली चार-पाच माणसं. सगळी हॉलमध्ये पंखाखाली झोपली. अक्कांनी पदराचं टोक पंखाच्या दांड्याला बांधलं. मी विचारलं तर म्हणाल्या, “उडून गिडून गेलं तर मला संगं घिऊन जाईल म्हनून.” जाताना मात्र त्या पिशवी खांद्याला लावून दारात थांबल्या. “शालन, सुध्या आयकंना झालाय गं. पाठीमागनं हाक मारली तर वळंना बी.” मी म्हटलं, कामात असले की ते असेच असतात. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

माणसं गेली, वारा बदलला, आणि पंख वाऱ्यापुढे किती तिरपा आहे तो कोन सांगणारं यंत्र बसवायचं काम निघालं. पुस्तकात त्याला आक्रमण कोन म्हणतात. मला वाटलं, लढाईचं विमान करतायत की काय. सुधाकरांनी जेवताना रिकामं ताट उचललं आणि टेबलफॅनसमोर धरलं. ताट जरासं तिरपं केलं की वारा ते वर उचलायचा, हाताला कळायचं. आणखी तिरपं, आणखी उचल. मग एका ठिकाणी ताट थरथरलं आणि हातातलं बळ एकदम गेलं.

“बघितलंस? वेग कमी झाला म्हणून विमान पडत नाही. पंखाने वाऱ्यापुढे नको तेवढं तोंड वर केलं की वारा सुटतो.”

“वारा सुटला तर बरंच की. गार वाटेल,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. मला तो शब्द मात्र चिकटला. आपल्याकडे वारा सुटला म्हणजे वाहू लागला. त्यांच्या बोलण्यात वारा सुटला म्हणजे पंखाच्या हातून निसटला. शब्द तोच. धीर सुटतो, नोकरी सुटते, धरलेला हात सुटतो, तसा वाराही सुटतो, आणि सुटण्याआधी माणसाला कुणीतरी सांगावं लागतं. जमिनीवर वारा सुटला तर टॉवेल उडतो. वर सुटला तर माणूस परत येत नाही. एका माणसाचं विमान होतं आणि तो माणूस माझा होता. त्यामुळे हे सांगणारं यंत्र नीट बसणं ही घरात माझ्याइतकी कुणाचीच गरज नव्हती.

दोन उपाय होते. एक डोळ्यांसाठी. पंखाच्या पुढे एक दांडा काढायचा, त्याच्या टोकाला वाऱ्यावर फिरणारं पत्र्याचं लहान पान, आणि ते किती फिरलं ते दाखवणारा काटा विमानात समोर. काट्याखाली जिथे धोका तिथे लाल रेघ हवी होती. ती मी माझ्या नेलपॉलिशने ओढली. दुसरा उपाय कानांसाठी. “उतरताना डोळे जमिनीवर असतात,” सुधाकर म्हणाले. “काट्याकडे बघायला फुरसत नसते. तेव्हा कानाला कळायला हवं.” त्यासाठी पंखाच्या पुढच्या कडेला, नाकाच्या जरा खाली, एक छिद्र पाडायचं. पंख सरळ असतो तोवर वारा त्या छिद्रावर दाबतो आणि आत सगळं गप्प असतं. तोंड फार वर गेलं की तोच वारा छिद्रातून आतली हवा ओढायला लागतो. ओढ लागली की आत बसवलेली पितळी पट्टी वाजते. इंजिनाच्या घरघरीतून ऐकू येईल अशी पट्टी हवी होती.

अशा पट्ट्या आमच्या घरात होत्या. माझ्या वडिलांची पेटी होती. महाडकडच्या एका गायन पार्टीत ते पेटी वाजवायचे. जयंतीच्या महिन्यात ते घरी दिसायचेच नाहीत, गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम करत फिरायचे, आणि परत यायचे तेव्हा बोलायला गळा उरलेला नसायचा. मला त्यांनी मांडीवर बसवून पेटी शिकवली. लग्नात त्यांनी भांडी कमी दिली आणि पेटी दिली. पेटीच्या पोटात ज्या पितळी पट्ट्या असतात त्यांना पेटीवाले सूरच म्हणतात. सूर बदलला, सूर बसला, सूर मुका झाला, असं. सुधाकर पेटीकडे बघायचे आणि मान फिरवायचे, मागायला जीभ रेटत नव्हती. शेवटी मीच म्हटलं, काढा. वडील गेल्यावर ती पेटी मी फारशी उघडली नव्हती. वर जाणाऱ्या माणसाला त्यांनी आवाज द्यावा, ह्यात मला काही वावगं वाटलं नाही.

सूर निवडायला आम्ही रविवारी सकाळी बसलो. इंजिनाच्या जागी अंगणात बाळारामचा टेम्पो चालू ठेवला होता. मी भाता हलवत एकेक पट्टी वाजवायची आणि सुधाकरांनी दाराशी पाठमोरं उभं राहून हात वर करायचा, अशी आमची पद्धत. मी सरळ वरच्या सप्तकातला पंचम लावला. पेटीतला तो सगळ्यात लखलखीत सूर होता, वडील त्यावरच हाळी द्यायचे. बाहेर टेम्पोत बसलेल्या बाळारामनेसुद्धा वळून बघितलं. सुधाकरांचा हात वर गेला नाही.

“वाजवतेयस ना?” त्यांनी विचारलं.

“वाजवतेय की.”

ते जवळ आले, पेटीवर वाकले. “हा मुका झालाय शालन. नुसती हवा येतेय. पुढचा घे.”

मी पुढचा घेतला, त्याच्या खालचा घेतला, आणखी खालचा घेतला. जसजशी मी खाली येत गेले तसतसा त्यांचा चेहरा उजळत गेला. अगदी खालचा, म्हशीने हंबरावं तसा सूर लागला तेव्हा म्हणाले, “हा. हा बघ कसा स्पष्ट आहे.” मी भाता सोडून दिला. बाहेर टेम्पो धडधडत होता आणि मला एकदम कुकरच्या शिट्ट्या आठवल्या. भात लावून मी मोरीत गेले आणि शिट्ट्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं, की भाताची पेज व्हायची. डास कानाशी आला तरी ते शांत झोपायचे. कारखान्यात वर्षानुवर्षं कॉम्प्रेसरच्या खोलीत काम, तिथे माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलायची. वरचे सगळे आवाज त्यांच्यापासून कधीच निघून गेले होते आणि त्यांना वाटत होतं, पेटी जुनी झाली. लायसन्स काढलं तेव्हाचे कान तरुण होते.

आज वाटतं, तेव्हाच तोंडावर बोलायला हवं होतं. पण माणसाला त्याचं वय सांगणं निराळं आणि त्याचं आभाळ काढून घेणं निराळं. त्यांनी तो खालचा सूर पंखात बसवला. पेटीत हवा बाहेर ढकलली जाते आणि पंखात ती ओढली जाते, म्हणून पट्टी उलटी बसवावी लागली. तिच्याभोवती मेण, मग रबराची नळी, मग छिद्रावर पितळी चकती. काम इतकं सुबक झालं होतं की पंखावर हात फिरवला तरी सांधा लागत नव्हता. मी शेजारी बसून त्यांना पकड नाहीतर पाना देत होते आणि त्यांच्या मानेवर आलेले पांढरे केस बघत होते.

सानपाड्यापलीकडे तेव्हा एक नवा रुंद रस्ता होता. दोन्ही बाजूंना चिखल, पुढे मिठागरं, आणि रस्त्याच्या शेवटी काहीच नाही. तिथे टेम्पोच्या टपावर पंख आडवा बांधला. मागे हौद्यात सुधाकर उभे, हातात पंखाचं तोंड वर-खाली करायचा दांडा, समोर काटा. पुढे बाळारामशेजारी मी. सकाळची वेळ, डोंगराकडून गार वारा. मिठागरावर जाणाऱ्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला थांबल्या.

“वहिनी, ह्यो एकलाच पंख टेम्पो उचलाचा नाय ना?” बाळाराम म्हणाला. “मना पोरं हायत.”

टेम्पो पळाला. मागून सुधाकर ओरडले, “वाजला! अगदी वेळेवर!” बाळारामने माझ्याकडे बघितलं. “वाजला कवा? मना तं काय आयकाला नाय आला.” मलाही आलं नव्हतं. खालचा सूर टेम्पोच्या घरघरीत मिसळून गेला होता. काटा नेलपॉलिशच्या रेघेवर पोचला, तेव्हा पट्टी वाजलीच असणार असं धरून त्यांनी तो ऐकला होता. ते खोटं बोलत नव्हते. ज्याला आवाज हवा असतो त्याला तो ऐकू येतो.

दुसऱ्या रविवारी मी म्हटलं, “वरचा पंचम एकदा लावून बघू या.” मुका आहे म्हटलं ना, असं ते म्हणाले. मी म्हटलं, “असू दे. माझ्या समाधानासाठी.” मी त्यांच्याकडे सहसा काही मागत नसे, म्हणून त्यांनी लावला.

त्या सकाळी बाळारामने वेग घेतला, सुधाकरांनी दांडा हळूहळू खाली दाबून पंखाचं तोंड वर केलं, आणि पंख किंचाळला. त्या मोकळ्या खारभूमीवर तो आवाज इतका उंच गेला की चिखलातले बगळे उठले. टोपल्या घेतलेल्या बायकांनी माना वळवल्या. एकीने कानावर हात ठेवला. बाळारामने घाबरून ब्रेक दाबला. मी खिडकीतून मागे बघितलं. सुधाकर पंखाला खेटून उभे होते आणि दांडा अजून दाबत होते, खाली, आणखी खाली, पंखातून आवाज येईल म्हणून वाट बघत. टेम्पो थांबला, वारा पडला, सूर थांबला. मग त्यांना रस्त्यावरच्या बायका दिसल्या, सगळ्या त्यांच्याकडे बघत असलेल्या. मग मी.

“वाजला होता का?” त्यांनी विचारलं.

बाळाराम स्टिअरिंगकडे बघत राहिला. मी खाली उतरले, हौद्याशी गेले आणि हो म्हणाले. माझे डोळे भरून आले होते. त्यांनी दांडा सोडला. पंखाचं तोंड आपोआप सरळ झालं.

पुढचे काही दिवस आमच्या घरात भांड्यांचेच आवाज होते. मग एका संध्याकाळी त्यांनी ताट बाजूला सारलं. “काटा आहे ना. डोळे शाबूत आहेत माझे.”

“उतरताना काट्याकडे बघाल की जमिनीकडे?”

उत्तर त्यांचंच होतं, मला त्यांनीच शिकवलेलं. मी म्हटलं, “विमान सोडा असं मी म्हणत नाही. तुम्ही केलेलं विमान उडालंच पाहिजे. पण तुम्ही एकटे त्यात बसून गेलात तर मी खाली उभी राहून काय करू, एवढंच सांगा.” हे मी मोठ्याने बोलले. मोठ्याने बोलावं लागलं, आणि बोलता बोलता मला त्या मोठ्याने बोलण्याचंच रडू आलं.

सकाळी मी उठले तेव्हा ते पंखाशी बसले होते. खालचा सूर काढून ठेवला होता. वरचा पंचम ते आत बसवत होते, मेण बोटाने दाबून, कडेकडेने, कुठे फट राहू नये म्हणून. मी चहा ठेवला. चहा गार झाला. त्यांनी नळी जोडली, तोंड छिद्राशी नेलं आणि हवा ओढली. सूर हॉलभर वाजला. त्यांनी माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यांनी चकतीचा स्क्रू घट्ट केला. ज्या सुराने त्यांना खाली ठेवलं तोच त्यांनी आपल्या हाताने पंखात बंद केला. इतकं अवघड काम मी त्यांना दुसरं करताना पाहिलं नाही.

विमान उडवायची परवानगी मिळाली तेव्हाही थंडी होती. बाळारामच्या टेम्पोतून विमान तुकड्यातुकड्यांनी घाट चढून वर गेलं. तिथे एक जुनी धावपट्टी होती, दोन्हीकडे वाळलेलं गवत. सुधाकरांना उडवायला शिकवणारे पारशी दस्तूर साहेब आता निवृत्त होते, ते उडवणार होते. विमानात बसण्याआधी त्यांनी पंखावर थाप मारली आणि सुधाकरांचा खांदा दाबला. “फिकर नको करू रे. तुझी पोरगी मी सांभालून परत आणते.” सुधाकरांनी पट्टा आवळून दिला, काट्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि मागे सरले. त्यांचे हात रिकामे झाले. ते हात त्यांनी खिशात घातले, मग बाहेर काढले.

विमान उडालं. त्याबद्दल मी काय लिहू? लाकूड आणि कापड वर गेलं आणि वरच राहिलं. बाळारामने हात जोडले. “उरला रं, उरला,” असं, म्हणजे उडाला उडाला, तो स्वतःशीच म्हणत होता. सुधाकर मान वर करून बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. वर दोन घिरट्या झाल्या. मग विमान लांबून वळलं आणि उतरायला लागलं. हीच वेळ होती. वारा सुटला असता तर इथेच सुटला असता. इंजिनाचा आवाज कमी झाला, विमानाने नाक उचललं, जमीन जवळ आली, आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर पंख बोलला. स्वच्छ, उंच पंचम. चाकं गवताच्या कडेला टेकली, धूळ उडाली, बाळाराम धावला.

मी सुधाकरांकडे वळले. ते विमानाकडे बघत नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. विमान उतरत होतं तेवढा सगळा वेळ ते माझ्याकडेच बघत होते, वाजतो का ते कळायला.

मी मान हलवली. तेव्हा कुठे ते वळले, पण तोवर विमान थांबलं होतं. आपलं विमान जमिनीला टेकताना त्यांनी पाहिलं नाही. पुढे ते असेपर्यंत, कधी जेवताना, कधी असाच डोंगराकडचा वारा आला की ते विचारायचे, शालन, उतरताना कसं दिसत होतं गं? मी त्यांच्यासमोर जाऊन बसायची, त्यांना ओठ दिसतील असं तोंड करायची, आणि सांगायची.